वाटेवरच्या माउलींचे आभार

यंदा आळंदी ते पंढरपूर पायी वारीत ज्यांनी मला सांभाळलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. तिथे सगळेच एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच जातं.

दिवेघाट चढून सासवडला पोहोचले तेव्हा एका मावशींनी मला ओट्यावर बसवून कोमट तेलानं माझे पाय चोळले. मी संकोचून पाय मागे घेत होते, तर म्हणाल्या, “असू दे गं, वारकऱ्याचे पाय आहेत.” आईनंतर माझ्या पायांना असा हात कुणी लावला नव्हता. मावशी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

चपलेचा तुटलेला अंगठा शिवून पैसे न घेणारे काका, नीरेकाठी गरम पिठलं-भाकरी आग्रहानं वाढणारी पोरं, पावसात स्वतः भिजत आमच्या पिशव्या ताडपत्रीखाली सारणारे दादा, तुमचेही मनापासून आभार.

आणि तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबाजवळ भेटलेल्या त्या आजी! उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून पालखीचे अश्व दौडले, त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडाली, आणि आजींनी माझे दोन्ही हात धरून फुगडीच सुरू केली. शाळा सुटल्यापासून मी फुगडी घातली नव्हती. पदर सुटला, दम लागला, आजूबाजूच्या बायका टाळ्या पिटत होत्या आणि मी खिदळत होते, अगदी मोठ्यानं. इतकं निखळ हसू अजून माझ्यात आहे, हे तुमच्यामुळे कळलं. आजी, पुढच्या आषाढीला दिसलात तर हाक मारा. फुगडी घालायची आहे.