विषय: खताच्या गाडीवरचा आकडा ४ म्हणजे नेमकं किती?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवर आज चौथ्यांदा बोललो आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसलो. लॉनवर खत फेकायची ही ढकलगाडी तुमचीच आहे, त्यामुळे डबा, दाणा फेकणारी फिरती चकती आणि खत कमी-जास्त सोडणारी दांड्यावरची १ ते १० आकड्यांची तबकडी समजावत बसत नाही.

प्रश्न एकच. तबकडी ४ वर ठेवली तर चौरस मीटरला किती ग्रॅम युरिया पडतो?

"सर, ४ म्हणजे मीडियम."
"मीडियम म्हणजे किती ग्रॅम?"
"ते चालण्यावर आहे सर."
"मग किती वेगानं चालायचं?"
"नॉर्मल चालायचं सर."

मी विचारलं, नॉर्मल कुणाचं? गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर चालतात ते, की स्वारगेटला सुटती एसटी गाठताना चालतात ते? बाईंनी होल्डवर टाकलं. सहा मिनिटं सनई ऐकवली आणि परत येऊन म्हणाल्या, "वापरणाऱ्याला सवय नसली की असं होतं सर. आधी माणसाला शिकवा." आमचे माळीबुवा एकवीस वर्षं हातानं खत फेकताहेत, गवतावर एकदाही पट्टे उठले नाहीत. त्यांना शिकवा! वर फोन ठेवताच मेसेज: 'आपली तक्रार सोडवली आहे. कृपया रेटिंग द्या.'

पट्टे उठलेत ते म्हात्रे पुलाजवळच्या आमच्या लग्नाच्या लॉनवर. एक पट्टा गर्द हिरवा, शेजारचा करपलेला. मुलीचे वडील बघून म्हणाले, "गालिचा डिझाइनचा घेतलाय का?"

शेवटी तबकडी ४ वर ठेवून मीच मोजलं. डब्यात ५ किलो युरिया, २० मीटर चाल, २ मीटर रुंदीचा फेक. उरलं ४ किलो २८० ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला १८ ग्रॅम. मला हवे होते १०. मग आडव्या ओळीत सात ताटल्या मांडून गाडी वरून नेली, तर उजवीकडच्या ताटल्यांत डावीकडच्यांच्या तिप्पट दाणा. चकतीवर दाणा कुठे पडतो त्यावर फेक कुठल्या बाजूला जास्त हे ठरतं, आणि ती जागा सरकवायची सोयच नाही, त्याला माणूस काय करणार? आता निम्म्या मापानं एकदा उभं, एकदा आडवं फिरवतो. हे दोन ओळींत पुस्तिकेत छापता आलं असतं.

पुस्तिकेत काय आहे? हजार चौरस फुटांना किती पौंड, तेही इथे न मिळणाऱ्या खतांसाठी. आमच्याकडे गुंठ्यात मोजतात आणि गोणीतून येतो तो निमकोटेड, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला युरिया. दाण्याचा आकार बदलला की आकडाही बदलतो, हे तुम्हाला मी सांगायचं? आणि ४ म्हणजे किती, ते अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८४ वाचा. योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे नुकसान झालं, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. पंधरा दिवसांत आपल्याकडच्या खतांचा ग्रॅममधला तक्ता आणि दोन्हीकडे सारखं फेकणारी चकती आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ताटल्यांचे फोटो आहेत, वजनकाट्याचेही.

तुमची गवत कापायची मशीन नऊ वर्षं बिनतक्रार चालली, म्हणून डोळे झाकून ही घेतली. तेवढं चुकलंच.

रेटिंग दिलेलं नाही.

एक ग्राहक, पुणे