दहावीच्या निकालाच्या फलकावर पुढची नोंदही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावच्या नाक्यांवर शंभर टक्के निकालाचे फलक लागतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा मिळून असलेला कोकण विभाग राज्यात सातत्याने पहिला येतो. 2024मध्ये विभागाचा निकाल 99.01 टक्के होता आणि 2025मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के असताना आमचा 98.82 टक्के होता. खेड्यातल्या एका लहान माध्यमिक शाळेत मी दहावीची वर्गशिक्षिका असल्यामुळे या आकड्यांमागचे मुलांचे कष्ट मला जवळून माहीत आहेत आणि त्यांचा अभिमानही आहे. तथापि त्याच फलकावर आणखी एक नोंद असावी, असे मला फार दिवसांपासून वाटते : गेल्या वर्षी या शाळेतून दहावी झालेली मुले आज कोठे आणि काय शिकत आहेत?

कोकणातल्या पुष्कळ माध्यमिक शाळा गावकऱ्यांनी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. ज्यांना स्वतःला चौथी-सातवीनंतर शाळा सोडावी लागली, अशा माणसांनी गावच्या मुलांना निदान मॅट्रिकपर्यंत शिकता यावे म्हणून हे केले. त्या काळी मॅट्रिक झालेल्या मुलाला नोकरी मिळत असे, म्हणून शाळेचे काम तेथे पूर्ण होत असे. आज तसे राहिलेले नाही. दहावी हा आता फक्त एक टप्पा आहे आणि आमच्यासारख्या शाळांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले नसल्याने, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय नेमका शाळा सुटल्यावर घ्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तो आमच्या हजेरीपटावरून जातो आणि बहुतेक वेळा आमच्या विचारांतूनही जातो.

निर्णय प्रत्यक्षात कसा होतो, हे सांगितले पाहिजे. 2025-26पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला असून अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतिक्रम देता येतो. ही पसंती अनेकदा बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत, रांगेत उभे राहून, तेथे अर्ज भरून देणाऱ्या मुलाच्या सल्ल्याने ठरते. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळाले तर विज्ञान, साठ-सत्तर मिळाले तर वाणिज्य आणि त्याहून कमी असतील तर कला, एवढाच हिशेब केला जातो. मुलाला काय आवडते, त्याला काय जमते आणि घरच्यांना काय झेपते, हे प्रश्न कोणी विचारत नाही.

विज्ञान शाखेविषयी मला विशेष काळजी वाटते. पूर्ण मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा दहावीत अपवर्तन, गुरुत्वाकर्षण, कार्बनी संयुगे हे सारे मराठीतून नीट समजून घेतो, उत्तम गुण मिळवतो आणि अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय इंग्रजीतून समोर येतात. त्याला संकल्पना येत असतात, पण फळ्यावर जे लिहिले जात आहे ते त्याच संकल्पनांविषयी आहे, हे कळायला त्याला दिवाळी उजाडते. तोपर्यंत पहिली घटक चाचणी झालेली असते आणि आपण हुशार नव्हतोच, असा समज त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. माझे अनेक गुणी विद्यार्थी या एका कारणाने विज्ञान सोडून परतले आहेत. परीक्षा मार्च महिन्यात संपते आणि कनिष्ठ महाविद्यालये पावसाळ्यात सुरू होतात. मधल्या मोकळ्या काळात शाळेनेच दोन-तीन आठवडे रोज तासभर वर्ग घेऊन, शिकवलेलेच धडे इंग्रजी परिभाषेसह पुन्हा वाचून घेतले, तर ही पडझड बरीच टळेल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, दहावीचे पुस्तक आणि शिकवणारा माणूस एवढेच लागते.

दुसरी गोष्ट माहितीची. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आणि इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा असतो. रत्नागिरी आणि मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत, तीन वर्षांची पदविका झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि दहावीनंतर कृषी पदविकेचाही मार्ग आहे. आंबा-काजूच्या बागा असलेल्या घरांतही याची वाच्यता होत नाही. आठवीत एनएमएमएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीची) परीक्षा उत्तीर्ण होऊन वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलांना ती बारावीपर्यंत मिळू शकते. मात्र त्यासाठी दहावीत ठरावीक गुण लागतात आणि पुढचे शिक्षण शासकीय किंवा अनुदानित संस्थेत व्हावे लागते. ही अट माहीत नसल्यामुळे एखादे गरीब घर स्वयंअर्थसहाय्यित महाविद्यालय निवडते आणि शिष्यवृत्ती गमावून वर शुल्कही भरत बसते. 2024-25पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु उत्पन्नाचा, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत काढलेला नसेल, तर त्या सवलतीचा उपयोग नाही. हे दाखले नववीच्या वर्षातच काढून घ्यावेत, असे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे त्यांना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो आणि या योजनेने कोकणातल्या मुलींचे किती भले केले आहे, हे मी पाहिले आहे. पण विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारनंतर असतात आणि जुलैमध्ये पऱ्यांना, म्हणजे ओढ्यांना, पाणी चढलेले असताना, मुख्य रस्त्यावर उतरून साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) वाडीपर्यंत काळोखात चालत जायला कोणते आईवडील मुलीला सांगतील? मग पंच्याऐंशी टक्के मिळवलेली मुलगी, सकाळी जाऊन दुपारच्या गाडीने परतता येते म्हणून कला शाखा घेते. कला शाखा वाईट नाही, परंतु ती तिने निवडलेली असावी. तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीच्या मुलींसाठी वसतिगृह असणे आणि शेवटच्या गाडीची वेळ महाविद्यालयाच्या वेळेशी जुळणे, या दोन मागण्यांसाठी ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन ठराव करायला हवेत.

आता नोंदीविषयी. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार आहे, त्यात ही भर कशाला, असे माझे सहकारी म्हणतील आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु शाळांची माहिती भरण्याच्या यू-डायस प्लस या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आता स्वतंत्रपणे होते आणि शाळा सोडलेले मूल पुढच्या संस्थेने आपल्याकडे घेईपर्यंत ‘ड्रॉपबॉक्स’ या यादीत दिसत राहते. म्हणजे कोणते मूल कोठेच पोहोचले नाही, याची प्राथमिक माहिती आपल्यासमोरच असते. ज्या शाळेत दहावीला वीस-पंचवीस मुले असतात, तेथे उरलेल्या चार-पाच घरी निरोप पाठवणे कठीण नाही. लहान शाळेचे सामर्थ्य यातच आहे, कारण आम्हाला प्रत्येक मुलाचे घर ठाऊक असते.

माझी विनंती अशी की, प्रत्येक माध्यमिक शाळेने 15 ऑगस्टच्या कार्यक्रमात गुणवंतांच्या सत्काराबरोबर मागच्या तुकडीचा हा तपशील गावासमोर वाचावा : किती मुले अकरावीत, किती आयटीआयमध्ये, किती तंत्रनिकेतनात, किती मुंबईला कामाला गेली आणि किती घरी बसली. मुलांची नावे वाचू नयेत, संख्या पुरेशी आहे. गणपतीला चाकरमानी गावी आले की संस्थेच्या सभेत याच आकड्यांवर बोलावे. इमारतीच्या रंगकामासाठी ते आनंदाने देणगी देतात. घरी बसलेल्या एखाद्या मुलीच्या वसतिगृहाचा खर्चही ते उचलतील, फक्त ती मुलगी घरी बसली आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. आमच्या शाळेत या वर्षी असे वाचन व्हावे, असा प्रस्ताव मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. इतर शाळांतील शिक्षकांनीही तो आपापल्या संस्थांपुढे मांडावा, यासाठी हे पत्र कृपया प्रसिद्ध करावे.

आपली विश्वासू,
दहावीची एक वर्गशिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी