‘संपन्न’ झाल्यावर कळून काय उपयोग?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. तीस-पस्तीस वर्षं तुमचा पेपर आमच्या घरी येतोय, सकाळचा चहा आणि पेपर हे सोबतच असतं, त्यामुळे हक्कानं लिहितेय. आपल्या पुरवणीत रोज निदान चार-पाच बातम्या तरी असतात की अमुक शिबिर संपन्न, तमुक मैफल रंगली, व्याख्यानाला उत्स्फूर्त प्रतिसाद. सोबत फोटो, हार, श्रीफळ, स्टेजवरची माणसं. सगळं झाल्यानंतर. होणार आहे हे मात्र आधी कुठेच दिसत नाही, आणि दिसलं तर आतल्या पानावर छोट्या जाहिरातींच्या मध्ये दोन ओळीत, त्यात पण वेळ असते तर ठिकाण नसतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण सांगते. आमच्या शेजारच्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, मागच्या महिन्यात सकाळी सकाळी पेपरची घडी घेऊन आल्या, बोट एका फोटोवर ठेवलेलं. "अगं हे बघ, कानाची मशिनं फुकट दिली म्हणे. हे कधी आहे?" मी वाचलं तर ते आदल्या दिवशीच झालेलं, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मला ते त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगावं लागलं, की काकू, झालं ते. त्या काही बोलल्या नाहीत, पेपर परत घडी करून घेऊन गेल्या. त्या संस्थेनं काम चांगलंच केलंय, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्यांना गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही ना. व्हॉट्सअॅपवर फिरवलं होतं म्हणे. काकूंकडे बटणाचा फोन आहे.

आता याच काकू लहानपणापासून दर्ग्यातलं गाणं ऐकत मोठ्या झाल्यात. हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली जी संगीत सभा होते ती किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ, हे मिरजेत सगळ्यांना माहीत आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथेच दर्ग्याच्या आवारात आहे, आणि कुठून कुठून कलाकार इथं हजेरी लावायला येतात. तिकीट नाही, पास नाही, या आणि बसा. पण उरुसाची तारीख चांद्र महिन्यावर, त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे मागे सरकत जाते आणि नेमका कधी आहे हे पेठेतल्या लोकांना कळतं पण पलीकडे नवीन कॉलन्यांमधे राहायला आलेल्यांना गाणं झाल्यावर कळतं. अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्रातल्या संगीत महोत्सवाचंही तेच, नऊ दिवस आहे एवढं माहीत असतं, पण आज कोण गाणार, किती वाजता, हे विचारायला देवळापर्यंतच जावं लागतं. काकू मागच्या नवरात्रात स्पीकरजवळ जाऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आता तबला तेवढा लागतो गं, तंबोरा ऐकूच येत नाही." मिरजेच्या बाईला तंबोरा ऐकू येत नाही आणि दहा मिनिटांवर मशिनं वाटून झाली, हे काही माझ्या मनातून जात नाही.

तंबोऱ्यावरून आठवलं. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, दोन्हीला वेगवेगळं जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, आपणच पहिल्या पानावर छापलं होतं, मी कात्रण ठेवलंय. त्यानंतर मी नातवाला घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. त्याला काहीच माहीत नव्हतं, इथे जन्मलाय तरी. एका दुकानात एकजण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावत बसले होते, तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामधे सुताचा दोरा घालून तो इतकासा, केसाएवढा पुढेमागे सरकवायचा आणि तार छेडायची, परत सरकवायचा परत छेडायची, आणि एका जागी आल्यावर तो आवाज एकदम उघडला, सगळी खोली भरून गेली. पोरगं जागचं हललं नाही. तंबोऱ्याचा भोपळा कुठला म्हणून विचारलं तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वाळवायलाच किती दिवस जातात ते त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं. आमच्या पोरांना हे दाखवायला कुणी एक दिवस ठरवला, एखाद्या शाळेनं, एखाद्या मंडळानं, तर मला आधी कळायला पाहिजे, नंतर फोटो बघून काय करू.

माझी विनंती एकच आहे. आठवड्यातून एक दिवस, समजा गुरुवारी, पाव पान द्या. पुढच्या सात-आठ दिवसात मिरज, सांगली, कुपवाडमधे काय काय होणार आहे ते. महापालिका तिघांची एकच आहे, तर यादी पण एकच असू दे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मधे सांगलीत सीता स्वयंवर केलं तो दिवस, त्या आठवड्यात सांगलीत नाटकाचं बरंच काही असतं पण मिरजेतून जायचं तर रात्री परत यायला शेवटची बस कधी हे माहीत पाहिजे ना, विशेषतः बाया-माणसांना. म्हणून नुसतं नाव-गाव नको, तर वेळ, नेमकी जागा, पैसे आहेत का फुकट, जिने किती आहेत, खुर्ची मिळते का खाली बसायचं, आणि शिबिर असेल तर सोबत काय कागद न्यायचे. आधारची झेरॉक्स नाही म्हणून परत पाठवलेली माणसं मी बघितलीत, रिक्षाचे पैसे दोनदा जातात.

त्याच पानावर कायमची एक चौकट ठेवा, दर आठवड्याला तीच, बदलायची गरज नाही. ज्येष्ठांसाठी एल्डरलाईन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मनावर ताण आलाय, झोप नाही, कुणाशी बोलावंसं वाटतंय त्यांच्यासाठी टेली मानस १४४१६, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. तिन्ही फुकट. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मधे आली, पासष्ट पूर्ण झालेल्यांना, ज्यांचं कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखाच्या आत आहे, चष्मा, काठी, कानाचं मशीन वगैरेसाठी एकदाच ३००० रुपये खात्यावर. आमच्या गल्लीत मी पंधरा घरी विचारलं, तीनच घरात माहीत होतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) च्या मीटिंगा कुठे आणि कधी असतात ते पण टाका, नाव सांगायची सक्ती नाही, फी नाही, हे लिहा, कारण बरीच माणसं पैशाला नाही, लाजेला घाबरून जात नाहीत, आणि घरातली बाई कुणाला विचारणार? पेपरमधे छापलेलं असलं की गुपचूप वाचता येतं.

अजून एक गोष्ट, जी मला फार वाटते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, सोबतचे नातेवाईक पंधरा-पंधरा दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून असतात, डबा खातात, चहा पितात, परत बसतात. त्यांना गावात कुणी ओळखीचं नसतं. त्या पाव पानाची एक प्रत प्रत्येक दवाखान्याच्या नोटीस बोर्डावर लावली तर संध्याकाळी तासभर कुणी देवळात, दर्ग्यात गाणं ऐकून येईल. खाँसाहेब स्वतः आजारी होऊन मिरजेत आले, मीरासाहेबांपुढे गायले आणि बरे होऊन इथलेच झाले, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात.

आपल्याकडे माणसं कमी आहेत हे मला कळतं, बातमीदार एक आणि गावं दहा. म्हणून सांगते, मी रिटायर आहे, अक्षर बरं आहे, टायपिंग येतं. मंडळांना, देवळांना, दर्गा कमिटीला, वाचनालयांना फोन करून यादी मी दर मंगळवारी आपल्या ऑफिसात आणून देईन, पैसे नकोत. मंडळांनी पण आपला कार्यक्रम आठ दिवस आधी कळवायची सवय लावून घ्यावी, फ्लेक्सचा खर्च थोडा वाचेल. पहिली यादी करायला घेतलीय, सोबत जोडलीय, सध्या सात नोंदी आहेत. त्यातली तिसरी कान तपासणीची आहे, पुढच्या रविवारी, तेवढी तरी या गुरुवारी छापा. काकूंना मी सांगितलंय, पण त्यांच्यासारख्या बाकीच्यांना मी कुठे कुठे जाऊन सांगू.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज