पिल्लांना झालेले गजकर्ण: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेले मांजरीच्या पिल्लांचे फोटो मी नीट पाहिले. कानाच्या कडेला आणि डोळ्यांच्या वर केस गळून पडलेले गोल चट्टे, त्यांवर राखेसारखा कोंडा, आणि आता बाबांच्या मनगटावर उठलेले लाल कडे, हे सगळे एकत्र पाहता ते गजकर्णच असावे असे मला वाटते. तरीही पिल्लांना एकदा तालुक्याच्या पशुवैद्यांना दाखवाच. ते अंधारात जांभळ्या उजेडाचा दिवा धरतील, तेव्हा बाधित केस मुळापासून हिरवे चमकतात. चमक दिसली नाही तरी रोग नाही असे ठरत नाही, म्हणून ते केस तपासणीसाठीही पाठवतील.

शेजारच्या काकू म्हणतात म्हणून पिल्लांना बाहेर सोडून देऊ नका, ही माझी पहिली विनंती आहे. मांजरांमध्ये हा आजार बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो आणि तो पूर्ण बरा होतो. पिल्लांची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, म्हणून तो त्यांना लवकर पकडतो. बाहेर काढलेले पिल्लू मात्र उपाशी मरेल किंवा आजार गल्लीभर नेईल, आणि आपल्या घरात गळलेले केस तसेच राहतील.

औषधाच्या बाबतीत घाई नको. इट्राकोनॅझोल हे पोटातून देण्याचे औषध बहुतेक वेळा वापरतात, साधारणपणे एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा बंद, असे तीन वेळा. त्याची मात्रा दर किलो वजनाला सुमारे 5 मिलिग्रॅम असते. म्हणजे 600 ग्रॅमच्या पिल्लाला 3 मिलिग्रॅम पुरते, आणि माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळणारी कॅप्सूल सहसा 100 मिलिग्रॅमची असते. ती घरी फोडून चिमटीने वाटणे अत्यंत धोक्याचे आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट वजन करा, टोपलीचे वजा करा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगून मात्रा त्यांच्याकडूनच मोजून घ्या. पिल्लू खायचे थांबले किंवा उलट्या होऊ लागल्या तर औषध थांबवून त्यांना लगेच कळवा.

नुसते पोटातले औषध पुरत नाही, कारण केसांवरचे बीजाणू, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बिया, त्याने मरत नाहीत. आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडिन असलेल्या शाम्पूने कोमट पाण्यात अंघोळ घालावी लागेल. फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, डोळे व तोंड सांभाळावे, मग धुऊन पंच्याने टिपून पिल्लू पूर्ण कोरडे होईपर्यंत उबेत ठेवावे; या पावसाळी हवेत एवढा जीव गारठायला वेळ लागत नाही. त्यांच्या आईलाही तपासून घ्या, कारण अंगावर एकही चट्टा नसताना मांजर बीजाणू वाहून नेऊ शकते.

आई, तुझा फिनाईलवर आणि डेटॉलवर विश्वास आहे हे मला माहीत आहे, पण ही दोन्ही मांजरांना विषारी ठरतात. मांजर पंजे चाटते आणि फरशीवरचे सगळे तिच्या पोटात जाते. टी ट्री तेलही लावू नकोस.

पिल्लांना न्हाणीघराशेजारच्या खोलीत ठेवा. तिथे फरशी आहे, खिडकी आहे आणि गादी नाही. मात्र दार लावून त्यांना विसरू नका. माणसांची सवय याच वयात लागते, म्हणून जुना सदरा आणि हातमोजे घालून रोज त्यांच्याजवळ बसा, आणि बाहेर येताच सदरा धुवायला टाकून हात साबणाने धुवा. हे बीजाणू घरात वाढत नाहीत, पण केसांबरोबर महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही जास्त तग धरतात. त्यामुळे खरे काम केस उचलण्याचे आहे. कोरड्या केरसुणीने ते उडतात. ओल्या फडक्याने पुसून घ्या, नंतर साबणाने धुवा आणि शेवटी एक लिटर पाण्यात 30 मिलिलिटर ब्लीच घालून ती फरशी दहा मिनिटे ओली ठेवा, मग स्वच्छ पाण्याने पुसा. तेवढा वेळ पिल्ले दुसरीकडे असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पिल्लांची अंथरुणे वेगळी, यंत्र ठासून न भरता, दोनदा धुवा.

बाबा, आता तुमच्याविषयी. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब कृपया आजच बंद करा. अशा मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉईड असते. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत ओसरते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि पुढे डॉक्टरांनाही चट्टा ओळखू येत नाही. तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा, ट्यूब सोबत न्या आणि घरात पिल्ले आहेत हेही त्यांना सांगा. छकुलीला तूर्त पिल्लांपासून लांब ठेवा आणि तिच्या डोक्यात कुठे कोंडा किंवा केस गळालेली जागा आहे का, ते उजेडात पाहा.

केस परत उगवले म्हणजे औषध संपले असे समजू नका. कातडी आधी बरी दिसते, बुरशी मागाहून जाते. केसांची तपासणी स्वच्छ आल्याशिवाय पिल्लांना घरभर सोडू नका. पशुवैद्यांची चिठ्ठी मिळाली की तिचा फोटो पाठवा, मात्रा मी स्वतः पडताळून पाहीन.

तुमची,
लेक

ता. क. बाबांचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा आजपासून वेगळा ठेवा.