ताई, गोळ्या बंद करू नकोस

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलूच देत नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणे, रोज ध्यान करायचं, ‘मी बरी आहे, मी बरी आहे’ म्हणत राहायचं, ब्रह्मांडाचे आभार मानायचे, की आमवाताच्या गोळ्या आपोआप सुटतात. ध्यान जरूर कर, आभारही मान. पण मिरजेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ती मेथोट्रेक्सेट तिला आवर घालते. सूज आतल्या आत सांधा खात असते. डोळे मिटून बसल्याने ती थांबत नाही.

दरडावणं संपलं. आता ध्यानाचं, कारण ते मी स्वतः केलंय.

माझ्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या, फिजिओथेरपी आणि जोडीला आठ आठवड्यांचा एक ध्यानवर्ग सुचवला. मला वाटलं, झालं, हिच्याकडचे उपाय संपले. पण हा वर्ग मूळचा या वूस्टरचाच. 1979 साली इथल्या विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये जॉन कबात-झिन यांनी तो सुरू केला. माणूस शिकलेला मॉलिक्युलर बायॉलॉजी, आणि ध्यान बौद्ध परंपरेतलं. औषधांनी ज्यांचं दुखणं पुरतं हटत नव्हतं अशा रुग्णांना तिथे पाठवत. उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीला हे, उपचाराच्या जागी नाही.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. मला हसूच फुटलं. तासगावचे बेदाण्याचे सौदे बघत वाढलेली मी, मला अमेरिकेत बेदाणा दाखवतायत! आधी नुसता बघा, बोटांनी चाचपा, कानाशी धरा, वास घ्या, मग जिभेवर ठेवा, पण लगेच चावू नका. आपल्याला मूठभर तोंडात टाकायची सवय. तो एकटा जिभेवर पडून राहिला तेव्हा सुरकुत्या लागल्या, देठाच्या जागेचा खरखरीतपणा लागला, मग हळूच गोडवा सुटला. तेवढ्या वेळात पायातली कळ होती तिथेच होती, पण तिच्याशिवाय दुसरंही काही आहे हे बऱ्याच दिवसांनी जाणवलं.

खरा उपयोग झाला तो पाठीवर पडून करायच्या प्रकाराचा. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची, मग तळवा, टाच, घोटा, पोटरी असं एकेक करत डोक्यापर्यंत लक्ष न्यायचं. पाऊण तास लागतो. सुरुवातीला मी चक्क घोरायचे. जागी राहिले की पोटरीपाशी येऊन मन पळायचं: हे असंच राहिलं तर? नोकरी गेली तर? सांगलीला विमानात बसून येता येईल का? मग हळूहळू दिसायला लागलं, की कळ येते, वाढते आणि ओसरते. रात्रभर उशाशी बसून राहते ती या प्रश्नांची रांग. माझं दुखणं गेलेलं नाही, ताई. जास्त वेळ गाडी चालवली की कंबरेपासून पोटरीपर्यंत चमक येतेच. पण आता ती आली म्हणून मी सगळं अंग आवळून धरत नाही, आणि झोप लागते. मला तेवढं पुष्कळ झालं.

तुझे सांधे सकाळी आखडलेले असतात, तेव्हा मांडी घालून ताठ बसायचा हट्ट नको. अंथरुणातच कर, उशी हवी तर दोन घे. दहा मिनिटंही चालतील.

इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिराला जाऊ का, असं विचारलंस. ते केंद्र सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींची गोष्ट तुला माहीत आहे का? ते ब्रह्मदेशातले व्यापारी, अर्धशिशीने हैराण. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. 1955 मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले, तर गुरूंनी आधी त्यांना परतच पाठवलं. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, म्हणाले. ही विद्या मन शुद्ध करण्यासाठी आहे. काकूंना ही गोष्ट नक्की सांग. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा आणि दिवसभर बसणं तुला आत्ता झेपेल असं मला वाटत नाही. सूज उतरू दे, मग बघू. अर्जात आजार आणि औषधं विचारतात, ते सगळं खरंखरं लिहायचं, आणि खुर्ची मागायला लाजायचं नाही.

‘स्वतःवर प्रेम करा’ म्हटल्यावर तू खो-खो हसलीस. मलाही ते क्रीमच्या जाहिरातीसारखंच वाटायचं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ त्यापेक्षा करुणा म्हणतात, आणि ते मला पटतं. जिवाभावाची मैत्रीण या अवस्थेत असती तर तिच्याशी जसं बोललो असतो तसं स्वतःशी बोलायचं. परवा व्हिडिओवर लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना तेव्हा तू काय म्हणालीस? ‘मेले हे हात, कशाच्या कामाचे नाहीत.’ सासूबाईंच्या हातांना असं म्हटलं असतंस? त्यांना तू न मागता शेकायची पिशवी नेऊन देतेस. तशी स्वतःलाही घे. पोळ्यांना बाई लाव. बरण्या दाजींना उघडू देत, त्यांचे हात धडधाकट आहेत. माझ्या मते सध्या तुझं ध्यान हेच, बाकीचं नंतर.

आता ते आभार मानायचं. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या दोघा मानसशास्त्रज्ञांचा 2003 सालचा अभ्यास आहे. त्याच्या एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या लोकांनी 21 दिवस रोज, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहून काढलं. त्यांचं मन जास्त प्रसन्न राहिलं, झोप सुधारली. आजार पळाला असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. दुखण्याचेच आभार माना म्हणणाऱ्यांचा तर मला राग येतो. दुखणं म्हणजे काय प्रसाद आहे? आणि ब्रह्मांड वगैरे नको, माणसं लिही. दूधवाल्याने पिशवी वर आणून दिली, रिक्षावाला उतरताना थांबला, असं. आप्पा ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला ठेवायचे आणि आपण दोघी भुकेने चुळबुळायचो, आठवतं? मला हल्ली त्या थांबण्याचं मोल कळतं. ज्या दिवशी काही सुचणार नाही त्या दिवशी वही कोरी ठेव, त्याचा गुन्हा होत नाही.

आता कामाचं. मिरजेला पुढची तपासणी कधी आहे ते कळव. त्या वेळी मला व्हिडिओवर घे, इथे रात्र असली तरी मी जागी राहीन. काकूंचे सगळे उपाय डॉक्टरांसमोरच विचारू. लिव्हरची रक्ततपासणी राहिली असेल तर तीही उरकून टाक. आणि या आठवड्याची गोळी चुकली असेल तर आपल्या मनाने दोन एकदम घेऊ नकोस, आधी दवाखान्यात फोन कर.

दाजींना आणि सासूबाईंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
छोटी