मंद्या, पक्या दिसला

डोंबिवली,
मे 2025

मंद्या,

फोनच करणार होतो पण फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि मुद्दा राहतो बाजूला, म्हणून हे. तब्येत बरी, शुगर काठावर, बाबांचं मोतीबिंदूचं झालं एकदाचं. आता ऐक.

पक्या दिसला.

गन्स अँड रोझेसला, आपल्या त्या अमेरिकन रॉक बँडच्या शोला. हो गेलो होतो, 17 मेला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, एकटाच. तुला आधी सांगितलं असतं तर तू तिथून रोज सूचना पाठवल्या असत्यास.

आता जागा कसली निवडावी. मुंबईचा मे, उघडं मैदान, सव्वादोनशे एकर, आणि तेही घोड्यांसाठी बांधलेलं, सावली नावाला नाही. बाटली गेटवर काढून घेतली, मग आत पाण्यासाठी रांग, रांगेत घाम, घामामुळे परत तहान. मैदान एकदम सपाट, म्हणजे पुढे एक उंच माणूस उभा राहिला की आपला शो स्क्रीनवर, आणि माझी उंची तुला माहितीये. जायचं म्हणजे दादरला उतर, पूल ओलांड, वेस्टर्नची स्लो पकड कारण महालक्ष्मीला फास्ट थांबत नाही. मेट्रो आदल्याच आठवड्यात पुढे सरकली होती, पण आचार्य अत्रे चौकापर्यंतच, रेसकोर्स पुढे राहिला. अत्रे असते तर गेल्या दहा हजार वर्षांत असा गैरसोयीचा कार्यक्रम झाला नाही असं छापून मोकळे झाले असते.

बरं पण गिटारवर स्लॅश होता यार. खराखुरा, टोपीसकट. त्या उकाड्यात पण टोपी डोक्यावर. आपल्याकडे दहानंतर लाऊडस्पीकर बंद, त्यामुळे गायक अ‍ॅक्सलला त्याचा जगप्रसिद्ध उशीर करायची सोयच नाही. आवाजाचं विचारू नकोस, 63 वर्षांचा आहे तो, वरचे सूर कुठे लागले कुठे हवेत गेले, ते लोकांनी भरून काढले आणि लोकांत मीही होतो, घसा अजून बसलेलाच आहे. तू असतास तर हात घडी घालून "सत्त्याऐंशीचा अ‍ॅक्सल वेगळा" म्हणाला असतास. सत्त्याऐंशी साली तू बालवाडीत होतास रे.

तर 'नोव्हेंबर रेन'. अ‍ॅक्सल पियानोवर, सगळ्यांनी फोनचे टॉर्च लावले, आणि त्या उजेडात माझ्यापुढे जरा तिरका पक्या. केस गेलेत, पोट आलंय. बाजूला दहा-बारा वर्षांची पोरगी, कानात कापूस. मी आधी ओळखलं ते तोंडावरून नाही, मांडीवर ड्रम वाजवत होता त्यावरून, अर्धा ठोका मागे, अजून. इतक्या वर्षांत सुधारला नाही. मग सोलो आला तेव्हा वळला, मी दिसलो त्याला, नक्की दिसलो. ना त्याने हात केला ना मी. पोरीने काहीतरी विचारलं, तो वाकला, मधे कोणीतरी बिअरचे ग्लास घेऊन घुसला, आणि 'पॅरडाइज सिटी'पर्यंत मी स्टेजपेक्षा त्यालाच शोधत होतो. तिकिटाचे पैसे बघता हे वाईटच.

इथवर असतं तर मी लिहिलंही नसतं. पण परवा अनोळखी नंबरवरून मेसेज. नंबर शेंड्याने दिला असणार, त्याच्या पोटात काय राहतं. मेसेज एवढाच, "दिसलास. मंद्याला सांग आता स्लॅश आहे."

बस. खाली नाव नाही, स्मायली नाही, काही नाही.

आता याचा अर्थ काय लावायचा तू सांग. हे सॉरी आहे का टोमणा? कारण 2012 ला आपला गिटारचा अँप विकून हा बीकेसीला गन्सच्या शोला गेला तेव्हा तू पैशाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतंस, तू काय ओरडला होतास ते सगळ्या चाळीने ऐकलं, की तिघांचा अँप विकलास तो विकलास, पण स्लॅश नसलेल्या गन्ससाठी विकलास? त्यात जुना म्हणावा असा एक अ‍ॅक्सल आणि तो कीबोर्डवाला डिझी रीड. मुद्दा बरोबर होता तुझा, पण पक्याला तो पैशांपेक्षा लागला असं मला तेव्हाही वाटत होतं. मेसेज मी उघडलाय, त्याला निळ्या टिका दिसतायत, आणि मी उत्तर टाइप करून खोडतोय. नुसतं "हो" पाठवू? मुलगी छान आहे असं लिहू? ही म्हणते सरळ फोन कर, एवढं काय त्यात, आता हिला अँप माहीत नाही.

आणि तू लगेच अ‍ॅक्सल-स्लॅशही परत एकत्र आलेच ना वगैरे सुरू करू नकोस. जुना गिटारवाला इझी कुठे आला? वाटणी सारखी नाही म्हणून 2016 ला बाहेरच राहिला, आणि तो तर अ‍ॅक्सलचा गावचा मित्र. आपल्यात इझी कोण ते तुम्ही दोघं ठरवा. मी डिझी रीड. 1990 पासून कीबोर्डमागे उभा आहे, कोणाशी भांडलेला नाही, फोटोत कोणाला दिसत नाही, आणि निरोप मात्र सगळे माझ्याकडेच देतात.

परतीचं सांगायचं राहिलं. महालक्ष्मी स्टेशनवर एवढी गर्दी की दोन गाड्या सोडल्या, दादरच्या पुलावर अख्खा जमाव 'स्वीट चाइल्ड' गात होता, एक टीसीही थांबून ऐकत होता, त्याने तिकीट कोणाचंच बघितलं नाही. कल्याण लोकल मिळाली, उभ्यानेच.

तुझं काय? घराचं कर्ज झालं का पास? वहिनीला नवा जॉब मानवतोय का? चिरंजीव मराठी बोलतात का नुसतं जर्मन? आईंना मेतकूट कुरिअर केलंय, पोचलं की कळव.

आणि हे 20 जूनला म्युनिकला आहेत, श्टुटगार्टहून ट्रेनने दोन-अडीच तास. तू जा. स्लॅशचं कारण आता चालणार नाही. पण त्याआधी पक्याला काय लिहायचं ते सांग, आणि तुझा नंबर त्याला देऊ का तेही, हो किंवा नाही, भाषण नको.

तुझा,
बाळ्या