पेपर शेअर करण्याआधी एवढं बघा

मंडळी, परत एकदा आठवण, ग्रुपवर संशोधनाच्या पेपरची नुसती पीडीएफ ढकलू नका, सोबत डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) द्या म्हणजे जर्नलची वेबसाइट बदलली तरी पेपर सापडतो. प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) असेल तर तसं स्पष्ट लिहा, १९९१ पासून फिजिक्सवाले अर्काइव्हवर (arXiv, प्रीप्रिंटची वेबसाइट) बिनधास्त टाकतात पण तिथं पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) होत नाही, आणि इतिहास-साहित्यवाल्यांना हे बऱ्याचदा माहीत नसतं (त्यांच्याकडे पुस्तकालाच जास्त मान, चूक त्यांची नाही). जर्नलनं पेपर मागे घेतलाय का तेही बघाच, लस आणि ऑटिझमवाला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा पेपर २०१० मध्ये मागे घेतला तरी अजून फिरतोय राव! आणि ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढला नसेल तर काढा, फुकट आहे, सारख्या नावांचा घोळ होत नाही.